नॉब फिरवायचा की पडद्याला बोट लावायचं?

हॅम रेडिओवरची आपली मागची भाषणं ऐकून बऱ्याच जणींनी फोन केले. परवाना, परीक्षा, एरियल यांबद्दल प्रश्न होतेच, पण एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला. संच घ्यायचा तर समोर भरपूर बटणं असलेला घ्यावा, की कॉम्प्युटरला जोडून चालवायचा घ्यावा? एका ताईंनी तर विचारलं, "मुलगा म्हणतो बटणांचा जमाना गेला, आता सगळं स्क्रीनवर. खरं आहे का?" आज त्याबद्दलच बोलू.

नव्यानं ऐकणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. आमचं हे केंद्र बोलतं आणि तुम्ही ऐकता. हॅम रेडिओत मात्र दोन्हीकडचे लोक बोलतात आणि दोन्हीकडचे ऐकतात. त्यासाठी सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, आणि संदेश पाठवणं व ऐकणं अशी दोन्ही कामं करणारा संच लागतो. त्याला ट्रान्सीव्हर म्हणतात. आपण नुसतं संच म्हणू.

आणखी एक खुलासा. आपल्याकडे गॅसचं फिरवायचं तेही बटण, आणि दिव्याचं दाबायचं तेही बटण. आज घोटाळा नको म्हणून फिरवायच्या बटणाला आम्ही नॉब म्हणणार आहोत. हॅम मंडळीही तोच शब्द वापरतात.

आता जरा स्वयंपाकघरात चला. गॅसच्या शेगडीवर दूध ठेवलंय, हात कणकेचे आहेत, आणि दूध वर येतंय. तुम्ही न बघता हात पुढे करता आणि नॉब फिरवता. ज्योत किती कमी झाली हे फिरवतानाच हाताला कळतं. हेच इंडक्शनच्या काचेवर करून बघा. आधी बोट पुसा, मग खूण शोधा, मग टकटक करत आकडा खाली आणा. तोवर दूध काचेवर. पण त्याच इंडक्शनला "वीस मिनिटांनी बंद हो" असं सांगता येतं, आणि ते बिचारं विसरत नाही. गॅसच्या नॉबला ते जमणार नाही. हॅम संचाचा वाद नेमका हाच आहे, फक्त तिथे दुधाच्या जागी कधीकधी एखाद्याचा जीव असतो.

जुन्या संचांपासून सुरुवात करू, कारण "जुनं ते सोनं" म्हणणाऱ्यांनीही ते नीट आठवायला हवेत. १९७०च्या दशकात येसू कंपनीचा एफटी-१०१ हा संच जगभर गाजला. समोरच्या बाजूला नॉबच नॉब. त्यात शेवटच्या टप्प्याला व्हॉल्व्ह होते, आणि बँड बदलला की ते पुन्हा जुळवून घ्यावे लागत. आधी प्रीसिलेक्टर फिरवून आवाज सर्वांत मोठा येईल तिथे थांबायचं. मग काही सेकंद संदेश सोडून 'प्लेट' नावाचा नॉब फिरवायचा आणि मीटरचा काटा खाली पडतो ती जागा पकडायची. मग 'लोड', मग पुन्हा प्लेट. हे सगळं झटपट करायचं, कारण जुळणी बिघडलेली असताना संदेश सोडत राहिलं तर व्हॉल्व्ह तापून खराब होत. शिवाय संच गरम होईपर्यंत वारंवारता हळूच सरकत राही. बोलता बोलता समोरच्याचा आवाज बदलला की नॉब जरासा मागे आणायचा. यात गंमत होती हे खरं, पण कटकटही होती. ती कटकट इलेक्ट्रॉनिक्सनं घालवली, आणि त्याबद्दल आम्हाला अजिबात हळहळ वाटत नाही.

त्या काळी नॉब म्हणजे प्रत्यक्ष यंत्राचा दांडा होता. वारंवारतेच्या नॉबला आत एकमेकांत सरकणाऱ्या पत्र्यांचा कपॅसिटर जोडलेला असे. तुम्ही नॉब फिरवला की पत्रे सरकत आणि वारंवारता बदले. जुन्या घरगुती रेडिओतही हेच होतं. नॉब फिरवला की दोरीवर काटा सरकायचा, आठवतंय ना?

आजच्या संचातला मोठा नॉब दिसायला तसाच, पण आत एन्कोडर असतो. तो फिरवला की विजेचे छोटे ठोके निघतात. संचातला छोटा कॉम्प्युटर ते ठोके मोजतो आणि त्याप्रमाणे वारंवारता ठरवतो. म्हणजे आजचा नॉब हा यंत्राचा दांडा राहिलेला नाही. तो कॉम्प्युटरला केलेली विनंती आहे. नॉबचा संच आणि कॉम्प्युटरचा संच अशा दोन जाती आता नाहीतच. कॉम्प्युटर दोन्हीत आहे. फरक एवढाच की त्याला आपलं म्हणणं आपण हातानं सांगतो, की पडद्यावर बोट लावून, की केबलीतून दुसऱ्या कॉम्प्युटरकरवी.

ही केबलीची सोय १९८०च्या दशकात आली. संचाच्या मागच्या बाजूला एक जोडणी दिली, आणि तिच्यातून घरचा कॉम्प्युटर संचाला हुकूम देऊ लागला. हुकमाची भाषा अगदी सोपी असते. केनवुडच्या संचांत सात मेगाहर्ट्झजवळची एखादी वारंवारता लावायची तर 'एफ' आणि 'ए' ही दोन अक्षरं, पुढे हर्ट्झमध्ये अकरा आकडे आणि शेवटी अर्धविराम. झाला हुकूम. टपालाच्या पिनकोडसारखं समजा.

कॉम्प्युटर कुठे हातापेक्षा सरस आहे? जिथे मोजणी आहे आणि जिथे घड्याळ आहे, तिथे. एफटी८ नावाची एक पद्धत २०१७ साली आली. ती करणाऱ्यांत जो टेलर होते, १९९३ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ. तिच्यात पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या असतात. एका पाळीत एकानं संदेश सोडायचा, पुढच्या पाळीत दुसऱ्यानं. संदेश आठ सुरांत बांधलेला असतो, आणि माणसाच्या कानाला ज्यात काहीच ऐकू येत नाही अशा खरखरीतूनही कॉम्प्युटर तो उचलतो. इथे नॉब घेऊन बसणारीचं काही काम नाही. दोन्ही बाजूंची घड्याळं सेकंदाच्या हिशोबानं जुळलेली हवीत, बाकी सगळं कॉम्प्युटर बघतो.

उपग्रहाचंही तसंच. इस्रोनं ५ मे २००५ रोजी हॅमसॅट हा खास हॅम लोकांसाठीचा उपग्रह सोडला होता. तो २०१४पर्यंत चालला. असा खालच्या कक्षेतला उपग्रह आपल्या डोक्यावरून दहा-पंधरा मिनिटांत निघून जातो. जवळ येताना त्याची वारंवारता चढलेली ऐकू येते, लांब जाताना उतरलेली. रेल्वेची शिट्टी फलाटावरून जाताना बदलते ना, तशी. आता एका हातात एरियल धरून ते उपग्रहाच्या दिशेनं फिरवायचं, दुसऱ्या हातानं ऐकायची वारंवारता सरकवायची, बोलायची वारंवारता वेगळीच सरकवायची, आणि शिवाय समोरच्याचं नाव लिहून घ्यायचं. बायकांना चार हात असतात असं घरचे समजतात, पण नसतात. कॉम्प्युटर दोन्ही वारंवारता आपणहून सरकवत राहतो, आणि आपण बोलण्याकडे लक्ष देऊ शकतो.

मग नॉब कशाला हवा? कारण बहुतेक वेळा समोर माणूस असतो, सूर नसतो. लांबच्या अंतरावर बोलण्यासाठी सिंगल साइडबँड ही पद्धत वापरतात. तिच्यात संच नेमका जुळलेला नसला तरी आवाज ऐकू येतो, पण बिघडलेला. शंभर-दोनशे हर्ट्झ इकडे गेलात तर बाईचा आवाज कार्टूनमधल्या उंदरासारखा पातळ, आणि तिकडे गेलात तर विहिरीतून आल्यासारखा जाड. आकडा बघून हे जुळवता येत नाही, कारण समोरची व्यक्ती नेमकी कुठे बोलतेय हे आपल्याला ठाऊक नसतं. कानानं ऐकत, नॉब केसभर इकडे, केसभर तिकडे करत, "हां, आता माणसाचा आवाज झाला" असं म्हणून थांबायचं. तंबोरा लावताना खुंटी पिळतात तसंच. मोठ्या संचांचा हा नॉब मुद्दाम जड केलेला असतो. एक टिचकी मारली की आपल्या वजनानं फिरत राहतो, आणि बोट टेकवलं की थांबतो. बँडवर कोण कोण आहे ते पटकन चाळायला याच्याइतकं चांगलं साधन नाही. माऊसच्या चाकानं हे काम होतं, पण पायरीपायरीनं होतं. आम्ही दोन्ही करून बघितलंय, आणि आमचं मत नॉबच्या बाजूनं आहे.

हे सवयीचे लाड वाटतील, म्हणून आता वेगळ्या प्रसंगाकडे वळू. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद या आपल्या देशातल्या नामवंत महिला हॅम, हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओतर्फे अंदमानात गेल्या होत्या. तिथून हॅम प्रसारणाला बरीच वर्षं परवानगी नव्हती, त्यामुळे जगभरचे हॅम त्यांच्याशी संपर्क साधायला उत्सुक होते. थोडक्यात हा आनंदाचा, छंदाचा प्रवास होता. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली, आणि बेटांचे फोन गेले. त्यांचं पोर्ट ब्लेअरचं केंद्र त्या दिवसापासून निरोपांचं केंद्र झालं. कोण सुखरूप आहे, कुठे काय हवंय, हे मुख्य भूमीपर्यंत पोचवण्याचं काम त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी केलं.

असं केंद्र कोणत्याही आपत्तीत चालवायचं म्हटलं तर काय परिस्थिती असते ते डोळ्यांपुढे आणा. वीज बेभरवशाची. टेबल जागेवर राहील याची खात्री नाही. उजेड मेणबत्तीचा किंवा टॉर्चचा. हात घामेजलेले, झोप अपुरी. दहा जण एकाच वेळी हाका मारताहेत, आणि त्यातला एक क्षीण आवाज निवडायचाय. अशा वेळी आवाज, वारंवारता, फिल्टर, आणि जवळच्या दणदणीत आवाजांना दाबणारा आरएफ गेन, एवढे चार नॉब हाताखाली असले म्हणजे बरं. पडद्यावर तीन पानं उलटून फिल्टर शोधायला तिथे कोणाला सवड आहे? दुसरी गोष्ट विजेची. आयकॉमचा आयसी-७३०० हा आजचा लोकप्रिय संच नुसता ऐकताना १३.८ व्होल्टवर साधारण एक अँपिअर घेतो, म्हणजे चौदा-पंधरा वॅट. त्याच्या शेजारी लॅपटॉप ठेवला तर एकट्या लॅपटॉपची भूक बरेचदा त्याहून मोठी. गाडीच्या बॅटरीवर रात्र काढायची असेल तर हा हिशोब आधी करावा.

रेडिओबाहेरचं एक उदाहरण इथे सांगतो, कारण ते फार बोलकं आहे. २०१७च्या ऑगस्टमध्ये सिंगापूरजवळ अमेरिकेची जॉन एस. मॅक्केन ही युद्धनौका एका टँकरवर आदळली आणि दहा नौसैनिक गेले. चौकशीत जी कारणं निघाली त्यांत जहाज चालवण्याच्या टचस्क्रीनमुळे झालेला गोंधळही होता. नंतर त्या नौदलानं अशा नौकांवर वेगाचं नियंत्रण पुन्हा हातानं ढकलायच्या दांड्यांवर आणायचं ठरवलं.

हॅम संचांतही असं मागे येणं घडलंय. १९९०च्या दशकाच्या शेवटी काचिना आणि टेन-टेक या अमेरिकन कंपन्यांनी असे संच काढले की ज्यांना समोर वारंवारतेचा नॉबच नाही. नुसता डबा, सगळं काम कॉम्प्युटरच्या पडद्यावर. टेन-टेकच्या त्या संचाचं नाव पेगॅसस. थोड्याच काळात त्याच कंपनीनं जवळपास तोच संच समोर नॉब लावून ज्युपिटर नावानं विकायला काढला. पुढे फ्लेक्सरेडिओनं सॉफ्टवेअरवर चालणारे संच आणले. फार उत्तम संच, त्यात वाद नाही. पण त्यांनीही आधी टेबलावर ठेवायचा एक सुटा नॉब विकला, मग नॉबांची पूर्ण पाटी, आणि मग समोर नॉब असलेले संचच. पैसे मोजणारी माणसं काय मागत होती ते यातून कळतं.

कॉम्प्युटरवरच अवलंबून असलेल्या संचाची आणखी एक अडचण. संच वीस-तीस वर्षं टिकतो, कॉम्प्युटर तेवढा टिकत नाही. तेव्हाची केबल नऊ पिनांची होती. आजच्या लॅपटॉपला ती जोडणीच नसते. मधे अडॅप्टर लावा, त्याचं सॉफ्टवेअर घाला, आणि जुना प्रोग्राम नव्या विंडोजवर चालेल अशी आशा करा. नॉबही अमर नसतात म्हणा. पावसाळी हवेत आवाजाचा नॉब खरखरू लागतो, स्वस्तातला एन्कोडर झिजून वारंवारता मागेपुढे उड्या मारते. पण खरखरणारा नॉब गल्लीतला रेडिओ दुरुस्त करणारा माणूसही स्प्रे मारून ठीक करतो.

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. हॅम रेडिओ हा कानाचा छंद आहे, त्यामुळे जगभर कितीतरी दृष्टिहीन माणसं त्यात आहेत आणि उत्तम काम करतात. त्यांच्यासाठी जुना नॉबांचा संच फार सोयीचा होता. डावीकडचा दुसरा म्हणजे आवाज, उजवीकडचा खालचा म्हणजे मोड, टक-टक-टक तीन घरं मोजली की हवा तो बँड. एकदा हाताला पाठ झालं की झालं. मग संच लहान होत गेले. येसूचा एफटी-८१७ हा पर्समध्ये मावेल एवढा संच घ्या. गुणी संच आहे, पण पन्नासहून जास्त गोष्टी त्याच्या मेनूत, आणि मेनूची अक्षरं फक्त डोळ्यांना दिसणारी. टचस्क्रीन तर हाताला नुसती सपाट काच. डोळस माणसाच्या सोयीसाठी केलेला बदल दुसऱ्या कोणाला दाराबाहेर ठेवतो, आणि ठेवणाऱ्याला ते कळतही नाही.

पण इथेच कॉम्प्युटरला श्रेय द्यायला हवं. केनवुडनं आपल्या काही संचांना बोलणारा भाग जोडायची सोय केली. नॉब फिरवला की संच वारंवारता मोठ्यानं सांगतो, टीएस-५९०सारख्या संचात मेनूही वाचून दाखवतो. आयसी-७३००मध्ये एक बटण दाबलं की वारंवारता आणि मोड ऐकू येतात. आणि संच केबलीनं कॉम्प्युटरला जोडला की पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिथली जुळणी बोलून दाखवू शकतं. अमेरिकेत मिनेसोटामध्ये १९६७ साली अपंग हॅम लोकांसाठी हँडीहॅम नावाचा उपक्रम सुरू झाला होता. त्यांनी पुढे केनवुडचे टीएस-४८० संच इंटरनेटला जोडून ठेवले. ज्यांना घरी एरियल उभारणं शक्य नाही असे सदस्य घरबसल्या कीबोर्डवरून ते संच चालवत. त्यामुळे "कॉम्प्युटर दृष्टिहीनांच्या विरुद्ध" असं सरसकट म्हणता येणार नाही. मुकी काच त्यांच्या विरुद्ध आहे. बोलणारा कॉम्प्युटर त्यांचा मित्र आहे.

आपल्या देशातलं उदाहरण सांगायचं तर हैदराबादच्या अशहर फरहान यांचे बिटएक्स संच. कमी खर्चात, स्वतः जोडता येईल असा संच हवा म्हणून त्यांनी ते तयार केले, आणि त्यांचे नकाशे सगळ्यांसाठी खुले ठेवले. त्यांतल्या तारेच्या गुंडाळ्या तिथल्या बायकांच्या एका गटानं हातानं गुंडाळलेल्या असत, हे आम्हाला मुद्दाम सांगावंसं वाटतं. परदेशातले कितीतरी हॅम त्या हातांच्या कामावर बोलले आहेत. २०१७च्या शेवटी आलेल्या मायक्रो-बिटएक्सला समोर दोनच नॉब होते. एक आवाजाचा. दुसरा वारंवारतेचा, आणि तोच दाबला की मेनू. स्वस्त संचासाठी ही काटकसर योग्यच होती. त्यानंतरच्या एस-बिटएक्समध्ये रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आणि सात इंचांचा टचस्क्रीन आला, तरी वारंवारतेचा नॉब गेला नाही. पडद्यावर कुठलंही पान असो, तो मोठा नॉब फिरवला की वारंवारताच बदलणार.

तर ताई, तुमच्या मुलाला सांगा की त्याचं अर्धं बरोबर आहे. संच घ्यायला जाल तेव्हा दुकानात किंवा जुना विकणाऱ्याकडे एवढं करून बघा. डोळे मिटा आणि आवाज कमी-जास्त करा, वारंवारता बदला, फिल्टर अरुंद करा. तीनही जमलं तर पुढे चला. मग विचारा की मागच्या बाजूला यूएसबीची जोडणी आहे का, म्हणजे उद्या एफटी८ किंवा उपग्रहाकडे वळायचं झालं तर दुसरा संच घ्यावा लागणार नाही. लॅपटॉप पूर्ण बंद ठेवून संच चालतो का, तेही बघा. घरात कोणाची नजर अधू असेल तर संच बोलतो का, आणि मेनूही बोलतो का, हे वेगवेगळं विचारा, कारण विकणारा पहिल्या प्रश्नाचं "हो" दुसऱ्यालाही देऊन टाकतो. जुन्या संचाचा मोठा नॉब हळूहळू फिरवून आकडे उड्या मारतात का पाहा. मारत असतील तर किंमत खाली आणा. आणि संच घेण्याआधी परवाना हातात हवा, हे विसरू नका. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही ती परीक्षा देता येते, म्हणजे तुमच्याबरोबर तुमची मुलगीही बसू शकते. अर्ज कसा भरायचा, मोर्सचा सराव कसा करायचा, ते पुढच्या भाषणात सांगू.